बोटीचं इंजिन बंद पडलं, आता आधी काय बघायचं?

अलिबाग-मुरुडपासून हर्णै, गुहागर, मालवण, देवबागपर्यंत छोट्या फायबर बोटी घेणारे आता बरेच झालेत. कुणाला पर्यटकांना डॉल्फिन दाखवायचे असतात, कुणाला बनाना राइड ओढायची असते, कुणी नुसत्या हौसेपोटी खाडीत फिरतो. बोट चालवणं लवकर जमतं. इंजिनाचं दुखणं ओळखायला मात्र कुणी बसवून शिकवत नाही, आणि ऐन डिसेंबरातला शनिवार-रविवार मेकॅनिकची वाट बघण्यात जातो. बोटीच्या पाठीला लावलेलं पेट्रोलवरचं आउटबोर्ड इंजिन ज्यांच्याकडे आहे, त्या नवख्या मालकांसाठी हे लिहितोय. आपल्याकडे बहुतेकांकडे ४० हॉर्सपॉवरच्या आसपासचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक असतं. फोर-स्ट्रोकवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

मुळात सांगायचं आहे ते एवढंच की महागडी वस्तू शेवटी बदलायची. सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलं, कॉइल गेली असं म्हणत लोक सुटे भाग मागवत बसतात आणि शेवटी निघतं काय, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद होता. पेट्रोल, थंड करणारं पाणी आणि मिठाने खाल्लेले विजेचे जोड हे तिन्ही तपासल्याशिवाय चौथीकडे वळू नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून इंजिन चालू झालं, तर काय बिघडलं होतं ते पुढच्या वेळीही कळणार नाही.

पाण्यात असाल तर आधी नांगर

खाडीच्या मुखाशी ओहोटी लागलेली असताना इंजिन बंद पडलं, तर बोट बाहेर समुद्राकडे ओढली जाते. सकाळी मतलई वारा असेल तर तोही किनाऱ्यापासून लांबच ढकलतो. कव्हर उघडून आत डोकं घालण्याआधी नांगर टाका. दोर पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी सोडा, नाहीतर नांगर वाळूत धरत नाही, नुसता घसटत जातो. प्रवाशांना लाइफ जॅकेट घालून खाली बसवा. मग दुरुस्ती. प्रकरण हाताबाहेर जातंय असं वाटलं तर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर आहे. व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६. अंधार पडेपर्यंत "होईल चालू" म्हणत बसू नका.

नांगर धरला की पहिली नजर लाल दोरीवर, म्हणजे चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवतात त्या किल कॉर्डवर. तिची क्लिप निघाली असेल तर जगातला कुठलाही मेकॅनिक ते इंजिन चालू करू शकत नाही. हसू नका, भर गर्दीत हे रोज कुठल्यातरी किनाऱ्यावर घडत असतं. त्यानंतर गिअर न्यूट्रलला आहे का ते बघा, कारण गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरूच नये अशी सोय बहुतेक इंजिनांत असते. मग टाकीत पेट्रोल आहे का, हवेचा स्क्रू उघडा आहे का, नळी दोन्ही टोकांना नीट बसली आहे का. एवढं बघायला दोन मिनिटं पुरतात.

चावी फिरवली, काहीच नाही

नुसता 'टक्' असा आवाज आला आणि स्टार्टर फिरला नाही, तर संशय बॅटरी आणि तिच्या जोडांवर. अजिबात आवाज नसेल तर फ्यूज, न्यूट्रल स्विच, नाहीतर चावीच्या स्विचकडे जाणारी वायर.

इथे साधा डिजिटल मल्टिमीटर हवा. तो नसेल तर आधी तो घ्या, बाकी हत्यारं नंतर. १२ व्होल्टची बॅटरी काही तास निवांत असताना १२.६ च्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे चार्जिंगला लावा, बाकीची तपासणी नंतर. नुसता हा आकडा बघून मात्र खूश होऊ नका. स्टार्टर मारताना व्होल्टेज १० च्या खाली कोसळत असेल, तर बॅटरीत दम राहिलेला नाही.

बॅटरी ठीक आणि तरी स्टार्टर रडतखडत फिरतोय, तर वायरमध्ये ताकद कुठे मरते ते शोधायचं. मीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर (वायरच्या लगवर, म्हणजे तिच्या टोकाच्या धातूच्या कड्यावर नव्हे, थेट खांबावर) आणि काळी पिन स्टार्टरच्या पॉझिटिव्ह बोल्टवर धरा. दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. मीटरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर तेवढं व्होल्टेज त्या वाटेवर वाया जातंय. आता लाल पिन एकेक जोड ओलांडत स्टार्टरकडे पुढे पुढे सरकवत न्या, आकडा जिथे अचानक कमी होईल त्याच्या अलीकडचा जोड दोषी. हेच निगेटिव्ह बाजूला, बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून इंजिनाच्या ब्लॉकपर्यंत करा. लोक ही बाजू विसरतात आणि मीठ तर तिथेच जास्त बसलेलं असतं.

दोषी जोड सापडला की बॅटरी सोडवा, जोड उघडा, पॉलिश पेपरने चकचकीत करा, आवळा आणि वरून ग्रीसचा हात फिरवा. आधी ग्रीस आणि मग आवळणं असं उलटं करू नका. वायरचं टोक सोलल्यावर आतली तार काळी किंवा हिरवी निघाली, तर ते टोक चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा. नाहीच लागलं तर अख्खी वायर बदला.

वायर कुठली घ्यायची यावर किनाऱ्यावर रोज वाद होतो. घरच्या वायरिंगची वायर स्वस्त पडते, पण खारी हवा तिच्या आवरणाखाली शिरते आणि हंगाम संपेपर्यंत ती आतून काळी पडते. कथिलाचा मुलामा दिलेली, बारीक तारांची बोटीची वायर महाग आहे. तरी मी तीच घेईन. जोड पीळ मारून आणि काळी टेप गुंडाळून करू नका. पक्कडीने दाबून बसवायचे लग आणि आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी वापरा. नुसतं सोल्डर केलेला जोड इंजिनाच्या थरथरीने तुटतो.

इंजिन चालू झाल्यावर रेस थोडी वाढवून बॅटरीवर पुन्हा मीटर लावा. १३.५ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं तर चार्जिंग ठीक. १२.५ वरच अडकलं असेल तर बॅटरी भरत नाहीये, रेक्टिफायर (इंजिनाची वीज बॅटरीला चालेल अशी करणारा भाग) किंवा चार्जिंग कॉइल बघावी लागेल. चालू इंजिनावर बॅटरीची वायर कधीही काढू नका. "बॅटरी काढूनही चालतं का बघू" हा प्रयोग रेक्टिफायर जाळण्याचा हमखास मार्ग आहे.

स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही

आता पेट्रोल की ठिणगी, हा प्रश्न. प्लग काढा, तोच उत्तर देतो. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी बघा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाहीये.

ठिणगी बघताना प्लग टोपीत घालून त्याचा धातूचा भाग ब्लॉकला टेकवतात आणि दोरी ओढतात. पण प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते, म्हणून ते भोक फडक्याने झाका आणि प्लग लांबच्या जागी टेकवा. ठिणगी तपासायचं स्वस्त यंत्र मिळतं, ते अधिक बरं. टोपी मोकळी सोडून इंजिन फिरवू नका, सीडीआयवर ताण येतो. ठिणगी निळी आणि 'चट्' आवाजाची हवी. पिवळट, मरगळलेली असेल तर आधी नवा प्लग. दोन्ही सिलिंडरांना ठिणगी नाही तर किल स्विच आणि त्याची वायर सोडवून बघा. एकालाच नसेल तर प्लग आणि टोपी अदलाबदल करून बघा. एवढ्याने भागलं नाही, तर सीडीआयची तपासणी साध्या मीटरने नीट होत नाही, तिथे मेकॅनिक लागतो.

पेट्रोलवर जरा थांबायला हवं, कारण अलीकडे कटकटी इथेच वाढल्यात. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बहुतेक आउटबोर्ड कंपन्यांच्या पुस्तकांत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणातल्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी महिनाभर उघड्यावर ठेवली की पाणी आलंच. पाणी एका मर्यादेपुढे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं, म्हणजे नेमकं जिथून नळी पेट्रोल ओढते तिथे. टू-स्ट्रोकमध्ये याचा धोका आणखी, कारण तळाच्या त्या थरात ऑइल नसतं आणि इंजिन विनाऑइल चालतं. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने मऊ पडून आतून सुटतात.

म्हणून तपासणी अशी. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटं ठेवा. खाली वेगळा किंवा गढूळ थर दिसला तर ते पेट्रोल बोटीत वापरू नका. 'वरचं वरचं चांगलं असेल' म्हणून गाळून घेण्यातही अर्थ नाही. पाणी वेगळं करणारा फिल्टर नळीत बसवला नसेल तर बसवा. या लेखात कुठला खर्च आधी करा म्हणून विचाराल तर मल्टिमीटरनंतर हाच.

नळीतला रबरी फुगा दाबून बघा. तो घट्ट होऊन घट्टच राहिला तर नळी ठीक आहे. कितीही दाबला तरी मऊच, तर कुठूनतरी हवा ओढली जातेय. टोकांचे ओ-रिंग आणि क्लिपा बघा. चालू इंजिनावर फुगा चपटा होऊन आत ओढला जात असेल तर टाकीला हवा मिळत नाही किंवा टाकीतली जाळी तुंबली आहे. इंजिन छान चालू होतं आणि काही मिनिटांनी गुदमरून मरतं, ही त्या बंद हवेच्या स्क्रूचीच खूण. फुगा हाताने दाबत राहिलं की इंजिन चालतं, सोडलं की बसतं, असं होत असेल तर पेट्रोल पंपाचा पडदा थकला आहे. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे हवा हे सांगायला नको, पण नवी नळी बसवताना उलटी बसवलेली मी पाहिली आहे.

चोक ओढूनच चालत असेल आणि सोडला की बंद, तर कार्बोरेटरचा बारीक जेट तुंबलाय. वाटी उघडा, जेट काढा, क्लीनर मारा, हवेने फुंका. जेट पितळी असतो, त्यात तार घालून भोक मोठं करू नका. फोर-स्ट्रोकमध्ये इंजेक्शन असेल तर चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. नसेल तर फ्यूज बघा. त्यापुढे हात घालू नका, तिथे पेट्रोल दाबाखाली असतं.

टू-स्ट्रोकच्या मिश्रणाबद्दल एक. पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल तर १० लिटर पेट्रोलला २०० मिलिलिटर ऑइल. ऑइल टीसी-डब्ल्यू-३ प्रतीचं, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचं. स्कूटरचं ऑइल स्वस्त मिळतं म्हणून घालू नका, प्लगवर आणि पिस्टनवर राख धरते.

पिचकारी थांबली

मालवणातला कुठलाही जुना मेकॅनिक फोनवर पहिलं वाक्य म्हणतो, "आधी पाणी मारता काय बघ." इंजिनाच्या मागे जी पाण्याची बारीक धार उडते, ती बंद पडली की इंजिन थंड होत नाहीये. त्याच क्षणी बंद करा. "जेटीपर्यंत नेऊया" एवढ्यात पिस्टन जाम होतो.

इंजिन वर उचला आणि खालच्या पायाला असलेल्या जाळीत प्लॅस्टिकची पिशवी, शेवाळ अडकलंय का बघा. ते काढून पुन्हा चालू करा. धार तरीही नाही, तर धारेच्या भोकात जाड तंगूस (गळाची नायलॉन दोरी) घालून फिरवा. मीठ-वाळूचा खडा निघाला की धार सुटते. एवढ्यावरही कोरडंच असेल तर इंपेलर गेलाय, बोट दुसऱ्या बोटीने ओढून न्या.

इंपेलर म्हणजे पायाच्या आत बसलेलं रबरी पंखांचं छोटं चाक, तेच पाणी वर चढवतं. कर्ली नदीच्या मुखाशी, देवबागच्या वाळूच्या पट्ट्यांवर किंवा दाभोळच्या खाडीत उथळ पाण्यात सतत बोट चालवणाऱ्यांचा इंपेलर वाळूने घासून लवकर जातो. वर्षातून एकदा बदलायचाच, चांगला दिसला तरी. बदलणं अवघड नाही:

१. प्लगच्या टोप्या काढा, बॅटरी सोडवा. इंजिन उभं ठेवा. गिअर पुस्तकात सांगितलंय त्या जागी ठेवा आणि गिअरची दांडी जोडातून सोडवा.

२. पायाचे बोल्ट काढा. अॅल्युमिनियमच्या अंगात स्टीलचे बोल्ट मिठाने चिकटतात. हलत नसेल तर गंज सोडवणारं भेदक तेल मारून रात्रभर ठेवा, थोडं गरम करा, पाना आपटू नका. तुटलेला बोल्ट काढणं हे वेगळं दुखणं आहे. पाय सरळ खाली ओढा.

३. शाफ्टवर पंपाची वाटी दिसेल. तिचे बोल्ट काढून वाटी वर सरकवा, इंपेलर उचला. शाफ्टच्या खाचेतली छोटी चावी पडते, खाली फडकं पसरून ठेवा.

४. इंपेलरचे पंख मोजा. एखादा तुटून गेला असेल तर तो तुकडा वर थर्मोस्टॅटकडे (इंजिन तापलं की पाण्याला वाट देणाऱ्या झडपेकडे) गेलेला असतो, तो शोधून काढल्याशिवाय इंजिन जोडू नका. वाटीच्या आत आणि खालच्या पत्र्यावर नखाला लागतील अशा खाचा असतील तर त्याही बदला.

५. नव्या इंपेलरला साबणाचं पाणी लावा. शाफ्ट वरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत वाटी खाली दाबा, म्हणजे पंख योग्य बाजूला वळतील. बहुतेक इंजिनांत दिशा हीच असते, तरी जुना इंपेलर काढतानाच त्याचे पंख कुठे वळलेत ते बघून ठेवा. गॅस्केट नवं.

६. शाफ्टच्या दातांना ग्रीस लावा, वरच्या सपाट टोकाला नको. पाय वर चढवताना पाण्याची तांब्याची नळी वाटीच्या रबरात बरोबर शिरली का ते बघा, चुकतं ते इथेच. गिअरची दांडी जोडून तिन्ही गिअर पडतात का बघा.

७. मोठ्या पिंपात, जाळीच्या वरपर्यंत गोडं पाणी भरून चालू करा. कोरडं क्षणभरही फिरवू नका, नवा इंपेलर तिथेच जळेल.

नवा इंपेलर असूनही इंजिन तापतंय तर थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या पातेल्यात टाका. साधारण ५० ते ६० अंशांच्या दरम्यान तो उघडायला हवा, नेमका आकडा बहुतेक वेळा त्याच्यावरच कोरलेला असतो. थर्मोस्टॅट काढूनच टाकायची पद्धत किनाऱ्यावर आहे. मला ती पटत नाही. थंडगार इंजिन पेट्रोल जास्त पितं आणि प्लग काळे करतं.

हे सगळं टाळायचं असेल तर रोज संध्याकाळी दहा मिनिटं गोड्या पाण्यात इंजिन चालवा. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात. तरी चालेल, मचूळ पाणीही समुद्राच्या पाण्यापेक्षा पुष्कळ बरं.

आवाज वाढतो, वेग वाढत नाही

बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, मधलं रबर सुटलेलं असू शकतं. मधल्या भागावर आणि पात्याच्या मुळाशी मिळून ऑइल पेंटने एक सरळ रेघ मारा आणि बोट जोरात चालवून आणा. रेघ तुटून दोन्ही तुकडे सरकले असतील तर रबर गेलं. पंखा काढलाच आहे तर मागच्या शाफ्टवर तंगूस गुंडाळलंय का बघा. ते सील कापतं, मग गिअरच्या ऑइलमध्ये पाणी शिरतं. खालचा स्क्रू सैल करून थेंबभर ऑइल काढा. दुधाळ असेल तर सील बदलल्याशिवाय बोट काढू नका. नवं ऑइल खालच्या भोकातून वर चढवत भरतात, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा. पायावरचे झिंकचे ठोकळे अर्धे झिजले की बदला. त्यांना रंग लावू नका.

बिल्ज पंप

बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या या पंपाची चाचणी सोपी: फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की तरंगून पंप लावणारा स्विच, हाताने उचला, पंप लागला पाहिजे. त्याची वायर मुख्य स्विचमधून नको, फ्यूज घालून थेट बॅटरीवरून घ्या, म्हणजे बोट रात्री नांगरावर असतानाही तो चालेल. पंप फिरतो पण पाणी फेकत नाही, तर जाळी उघडा. वेफर्सचं पाकीट निघेल.

इंजिन समुद्रात बुडालं तर

लाटेने बोट उलटली, इंजिन पाण्याखाली गेलं, असं दरवर्षी कुठेतरी होतं. वर काढल्यावर ते हवेत वाळू देणं ही सगळ्यात मोठी हानी. मिठाचं पाणी धातू खातं ते हवा लागल्यावर. मेकॅनिक लगेच मिळत नसेल तर अख्खं इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. मिळत असेल तर बाहेरून आतून गोडं पाणी मारा, प्लग काढा, प्लगची भोकं खाली करून पाणी निथळू द्या, कार्बोरेटर रिकामा करा, सिलिंडरमध्ये ऑइल घाला आणि हाताने फिरवा. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, एकदा पुरत नाही. फिरताना कुठेही अडलं तर जोर लावू नका. चालू असताना बुडालेलं असेल तर आतला रॉड वाकलेला असू शकतो. सगळं ठीक असेल तर त्याच दिवशी चालू करून गरम होऊ द्या.

पावसाळ्याची बांधाबांध

मेअखेर बोटी वर ओढल्या की सप्टेंबरपर्यंत इंजिन पडून असतं. गोड्या पाण्यात चालवून झाल्यावर पेट्रोलची नळी काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. टाकीतलं पेट्रोल गाडीत ओता. ऑइल मिसळलेलं असेल तर गाडीत नको, ओळखीच्या कुणाला तरी वापरायला द्या. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल, हाताने चार फेरे, प्लग परत. बॅटरी घरी न्या आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. इंजिन उभंच ठेवा, आडवं ठेवलं तर पाणी आत साचतं. प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो.

झापांच्या शेडमध्ये उंदीर वायर कुरतडतात, म्हणून सप्टेंबरमध्ये कव्हर उघडल्यावर पहिल्यांदा वायरींवरून हात फिरवा. दुसरी गोष्ट कुंभारीण माशी. ती धारेच्या त्या बारीक भोकात मातीचं घर बांधते आणि पहिल्याच दिवशी पाणी मारत नाही म्हणून लोक नवा इंपेलर आणायला धावतात. पावसाळ्यात त्या भोकात कापडाचा बोळा घालून ठेवा, आणि बोळ्याला लांब लाल दोरा बांधा, म्हणजे काढायला विसरणार नाही.